पच्च रंगाची मोटर

पुण्याहून पहाटेच्या गाडीने निघालो तेव्हा बायको म्हणाली, "पेट्रोलचे भाव बघा आणि तुमची हौस बघा." तिचं काही चुकलं नव्हतं. पेट्रोल भडकलेलं, लोक स्कूटरी घरी ठेवून सायकली काढत होते, आणि मी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कापडी टपाची जुनी मोटर सोलापुरात नव्याने उभी करून घेत होतो. दादांना काचबिंदू झाला होता. आहे ती नजरही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ती जायच्या आत त्यांना आपली हिरवी मोटर दारात उभी दिसावी, एवढ्यासाठी माझी सगळी खटपट चालली होती.

कुर्डुवाडीला गाडी बराच वेळ थांबली. समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्याने विचारलं, "सोलापुरात काय काम काढलं?"

"मोटर आणायचीय."

"मोटार हाय, तर रेल्वेनं कशापायी निघालाय?"

मी चहा मागवला.

सोलापूरला उतरलो तर ऊन मरणाचं. टांग्याने निघालो. गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट चालू होता, टांगेवाला ओरडूनच बोलत होता. शिवलिंगआप्पांचा कारखाना एका चिंचेखाली होता. आप्पा मूळचे अक्कलकोटकडचे, घरात कन्नड आणि धंद्यात मराठी. जुन्या मोटरी जिवंत करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं ऐकून मी ट्रकवर घालून ही गाडी त्यांच्याकडे पाठवली होती.

"इंजिन बगा आदी," म्हणत आप्पांनी हँडल मारलं. इंजिन लगेच सुरू झालं आणि एका लयीत चालू लागलं. मला खरोखर भरून आलं. मग त्यांनी गाडीवरची चादर ओढली.

गाडी पिवळीधमक होती.

"आप्पा, ही कुणाची?"

"तुमचीच की."

माझा पारा असा चढला की विचारू नका. "मी हिरवी सांगितली होती! वडील आंधळे होतायत माझे, आणि त्यांना काय मी हे दाखवू?" आप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी रंगारी नरसय्याला हाक मारली. नरसय्या विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. तो शांतपणे म्हणाला, "आप्पांनी पच्च सांगितलं, मी पच्च दिलं."

तेव्हा उलगडा झाला. आप्पांच्या कन्नडात पच्चे म्हणजे हिरवा. नरसय्याच्या तेलुगूत पच्च म्हणजे पिवळा. जुना रंग आधीच पत्र्यापर्यंत खरवडलेला, त्यामुळे बघून कळायचीही सोय नव्हती. एरवी दोघं मराठीत बोलतात. नेमकी त्याच दिवशी आप्पांना तेलुगू बोलायची हुक्की आली होती.

"महिनाभर ठिवा हितंच. परत खरवडून हिरवी करून देतो," आप्पा म्हणाले.

महिना! महिन्याने दादांना काय दिसणार होतं, देव जाणे. मी नाही म्हणालो. जेवणारही नाही म्हणालो, पण आप्पांच्या घरून कडक भाकरी (वाळवून ठेवलेली पापडासारखी कुरकुरीत भाकरी) आणि शेंगाची चटणी आली, आणि माझा राग काही पोटापर्यंत पोचला नव्हता. दही दोनदा मागून घेतलं.

परतीला मोहोळ सोडल्यावर रेडिएटर तापला. मेंढरं घेऊन चाललेल्या एका धनगराने आपल्या किटलीतलं पाणी दिलं आणि गाडीभोवती फेरी मारली.

"लगीन कुणाचं हाय?"

"कुणाचं नाही."

"मंग गाडीला हळद कशाला लावलीया?"

त्याच्यापुढे मला हसू आलं. पुढे इंदापूरपर्यंत मात्र दादांना काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव करत होतो.

संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावर वळलो. दादा ओट्यावर खुर्चीत होते. हल्ली आम्ही बोलल्याशिवाय ते आम्हाला ओळखत नसत. कुंपण, रस्ता, माणसं, सगळं त्यांना एकच काळपट दिसे. मी इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावरून आवाज न करता येऊ दिली, कारण तोंड दाखवायची लाज वाटत होती. दादा उठून उभे राहिले. काठी खुर्चीलाच टेकलेली राहिली. पायऱ्या उतरून ते सरळ गाडीपर्यंत आले आणि डाव्या दिव्यावर बरोबर हात ठेवला.

"रंग चुकलाय रे."

मी पच्चची सगळी कथा सांगितली. म्हणालो, "परत पाठवतो, दादा. हिरवी करून आणू."

"खबरदार पाठवलीस तर," दादा म्हणाले. "हिरवी होती ती जाताना मला दिसली नव्हती. तुम्ही म्हणालात, गाडी ट्रकवर चढली, म्हणून मी हात हलवला."

मग त्यांनी स्वतः दार उघडलं आणि ते आत बसले.