अंगठ्याखालचा खळगा

गल्लीत त्याला सगळे कारागीर म्हणत. तीस वर्षं हातानं बूट-चपला शिवणारा माणूस, पण मापाच्या टेपवर त्याचा विश्वास नव्हता. गिऱ्हाइकाला तो जाड कागदावर उभं करी, पावलाभोवती पेन्सिल फिरवी आणि कोपऱ्यात तारीख टाकी. गिऱ्हाईक आपलं माप खोटं सांगेल, रेघ सांगणार नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

बायकोच्या पावलांचे कागद वेगळ्या खणात असत. वर्षाकाठी तिच्यासाठी एक जोड व्हायचाच. यंदा तिसरा शिवायची वेळ आली होती. आधी पट्टा रुततो म्हणून त्यानं तो सैल करून दिला, मग रुंद तळ कापून नवा जोड शिवला. संध्याकाळ झाली की तोही आवळायला लागला. या वयात पाय वाढतोय तुझा, शाळेत घालू का पुन्हा, असं तो चिडवी. तीही काही कमी नव्हती. पाय आहे तेवढाच आहे, तुमची नजर गेली, असं म्हणून मोकळी होई.

त्या दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली आणि स्टुलावर बसून धापा टाकत राहिली. घर समोरच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. जिना उतरून रस्ता ओलांडला, एवढंच. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, हल्ली रस्तासुद्धा रुंद केलेला दिसतोय कुणी. कारागीर हसला. कागद पसरून तिचं पाऊल त्यावर ठेवलं आणि हलू नये म्हणून घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबून धरलं.

रेघ पुरी करून त्यानं अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

कोरडं चामडं दाबलं की उसळून वर येतं. पाणी मुरलेलं असलं तरच त्यात खड्डा राहतो. आयुष्यभर हा अंगठा हेच पारखत आला होता. त्यानं दुसरा पाय दाबून पाहिला. तिथंही तेच. पाऊल कसलं वाढतंय, त्यात पाणी भरलं होतं.

मग त्याला एकेक गोष्ट आठवत गेली. आडवं पडलं की घुसमटतं म्हणून तिच्या उशा एकीच्या तीन झालेल्या. रक्तदाबाच्या गोळ्या, बरं वाटतंय मग कशाला, असं म्हणून तिनं फडताळात टाकलेल्या. त्यानंही मान डोलावलेली. डबा उघडलाच नाही. आजचा कागद आणि खणातले यंदाचे कागद गुंडाळून त्यानं दुकान बंद केलं आणि तिला घेऊन थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेवरची फुगलेली शीर पाहिली, पाठीला नळी लावून फुफ्फुसं ऐकली, हृदयाचा आलेख काढला, सोनोग्राफी केली. मग स्वतःची मूठ पुढे करून समजावलं. हृदय एवढंच असतं. उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे धाडते. तिथून ताजं होऊन आलेलं रक्त डावी बाजू अंगभर ढकलते. दाब वर्षानुवर्षं चढलेला राहिला, तर या डाव्या बाजूला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. जोर लावून लावून स्नायू थकला. रक्त पुरतं पुढे जात नाही, मागे तुंबतं, आणि पाणी झिरपत राहतं. फुफ्फुसांत, पायांत.

सूज कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. असेल आठ-पंधरा दिवस, बायको म्हणाली.

कारागिरानं कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. सगळ्यांत बाहेरची रेघ आजची. आत एकीत एक आणखी दोन. तारखा त्याच्याच अक्षरात.

"सात महिने," तो म्हणाला. "आणि मी चपला मोठ्या करत बसलो."

तिला आठवडाभर ठेवून घेतलं. घरी सोडताना बाईंनी पाणी उतरवणारी गोळी दिली, दाबाची गोळी एकही दिवस चुकवायची नाही, मीठ कमी, रोज सकाळी वजन, असं बजावलं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच यायचं. बरी होईल ना, एवढं त्यानं विचारलं. नीट सांभाळलंत तर पुष्कळ वर्षं जातील, त्या म्हणाल्या. तो त्या 'तर'पाशीच अडकून राहिला.

आता रोज सकाळी वजनकाट्यावरून उतरली की ती कागदावर उभी राहते.

"रोज पाया पडताय," ती म्हणते. "आशीर्वाद संपतील माझे."

तो मान वर करत नाही. पेन्सिल फिरते आणि रेघ कालच्या रेघेबाहेर जाते. पाऊल वाढलं की हात हलला, ते त्याला कळत नाही. मग तो घोट्याच्या वर अंगठा दाबतो, उचलतो, आणि खळगा भरून येईपर्यंत श्वास रोखून बसतो.