माझा स्पीडब्रेकर आणि सोमवारची पिशवी

आमच्या घराण्याच्या नावावर आजवर एकच सार्वजनिक बांधकाम आहे, ते म्हणजे पद्माक्कांच्या दारातला स्पीडब्रेकर. तो मी करून घेतला. त्यासाठी माजी नगरसेवकाच्या (आजी कुणी नव्हताच तेव्हा) घरी इतक्या खेपा घातल्या, की शेवटी त्यांच्या कुत्र्यानं माझ्यावर भुंकायचं सोडून दिलं. कंत्राटदारानंही हात सैल सोडला आणि असा काही उंचवटा करून ठेवला, की गल्लीतली पोरं त्याला जोतिबाचा डोंगर म्हणायला लागली. सगळी गल्ली त्यावरून दबकत, ब्रेक दाबत जायची. मी मात्र स्कूटरचा वेग कधी कमी केला नाही. स्वतःच्याच स्पीडब्रेकरला माणसानं भ्यायचं म्हणजे काय!

तो झाला, आणि थोड्याच दिवसांत पद्माक्कांच्या दारात कचरा पडायला लागला.

पद्माक्कांचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर. जैन बाई, सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी. सकाळी अंघोळ करून अनवाणी बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात जाणार, आणि मुंगीवरसुद्धा पाय पडू नये म्हणून खाली बघत परत येणार. आणि एका सोमवारी परत येतात तो काय, दारात फाटलेली काळी पिशवी आणि रस्ताभर मटणाची हाडं! पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी गल्लीतली कुत्री आधीच येऊन वाट बघत बसलेली!

मी दुधाच्या कट्ट्यावरनं किटली घेऊन परत येईपर्यंत अक्का रस्त्याच्या पलीकडं पदर नाकाला लावून उभ्या असायच्या. मग मीच हाडं गोळा करायची, बादलीभर पाणी मारायचं आणि ज्यानं कुणी हे केलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एके दिवशी अक्का शांतपणे म्हणाल्या, "आप्पासाब, मी कागलला लेकीकडं जाते. घर विकून टाकायचं बगा आता. माझ्याच दारात मला पाय ठेवता येईना, मग ऱ्हाऊ कशाला हितं?"

आमची पोरगी या बाईच्या मांडीवर वाढलेली. तिला पहिलं पाऊल टाकताना आम्ही नाही, अक्कांनी बघितलेलं. मी तिथंच बादली आपटली आणि म्हणालो, "अक्का, तुम्ही कुटं जायचं न्हाय. ह्यो कोण हाय त्याला मी हुडकून काढतो!"

संध्याकाळी गल्लीची मीटिंग घेतली. मी भाषण केलं. आपली घरं कशी आरशासारखी, आणि दाराबाहेर पाय टाकला की रस्ता जणू परक्या मुलखातला, वगैरे. लोकांनी माना हलवल्या. प्रत्येकानं आपण किती स्वच्छ आहोत ते सांगितलं आणि सांगताना शेजाऱ्याकडं बघितलं. मी पेंटरकडनं करून आणलेला बोर्ड सगळ्यांसमोर उघडला. पिवळ्यावर लाल अक्षरं: 'येथे कचरा टाकणाऱ्या माणसा, तुझ्यावर आमची नजर आहे!'

"आणि ध्यानात ठेवा," मी गरजलो, "जो कोण सापडंल त्यानं ह्यो बोर्ड गळ्यात अडकवून, हलगीच्या तालावर, सगळी गल्ली झाडायची! मग तो कोण का असंना!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात आमच्या मेव्हण्यानं वाजवल्या. हा दत्ता, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, पलीकडच्या गल्लीत राहतो, हार्डवेअरचं दुकान चालवतो. त्या टाळ्या मी लक्षात ठेवल्या. इतक्या जोरात निर्दोष माणूस कशाला वाजवेल?

त्या दिवसापासनं मला माणसं दिसेनाशी झाली, नुसते संशयित दिसायला लागले. कोण काळी पिशवी घेऊन चाललंय, कोण मला बघून नमस्कार जरा लवकरच करतंय, कोण करत नाही. समोरच्या मास्तरांच्या पिशवीत मी सहज डोकावलो, तर त्यांनी पिशवी छातीशी धरली. (आत त्यांची कवळी होती, दुरुस्तीला चालवलेली. पण तेव्हा मला काय माहीत!) बरं, हाडं हा कोल्हापुरात पुरावाच होऊ शकत नाही. रविवारी इथं कुणाच्या घरी हाडं नसतात? आणि मटण आणलेली काळी पिशवी तर सगळ्यांची सारखीच.

पुढच्या सोमवारी पिशवी पडली तेव्हा मी सुमनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, घटनास्थळी बोलावलं. सुमनचा सोमवारी महादेवाचा उपवास. त्या दिवशी ती आदल्या दिवशीच्या मटणाच्या कचऱ्याला हातसुद्धा लावत नाही. आमच्या घरची ती पिशवी टाकायचं काम माझं. दुधाला जाताना स्कूटरच्या हुकाला अडकवायची आणि चौकात घंटागाडी उभी असते तिच्यात टाकायची, अशी पद्धत.

"हात लावनार न्हाय मी," ती लांबूनच म्हणाली.

"अगं, हात कोण लाव म्हणतंय? नुसतं बघ."

ती वाकली. मग नाकपुड्या फुगल्या. मग डोळे मोठे झाले.

"अवो, ही माझी चटणी हाय!"

आता हे बाहेरगावच्या माणसाला पटायचं नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकाच्या गिरणीवर कुटून आणतात, आणि प्रत्येक घरच्या चटणीचा वास वेगळा असतो. सुमन तिच्यात काहीतरी एक घालते, ते काय ते तिनं अजून मलाही सांगितलेलं नाही. त्या हाडांना तो वास होता!

"आपली पिशवी टाकली न्हवं तुम्ही?" तिनं विचारलं.

"म्हणजे काय! कवाच!"

मी उभा जन्म कचेरीत काढला. टेबलावर फाईल दिसली नाही म्हणजे ती निकालात निघाली, असा माझा खाक्या. आज हुकावर पिशवी नव्हती, म्हणजे ती घंटागाडीत गेली. त्यात विचारायचं काय?

मग राहिल्या दोन बरण्या. सुमननं यंदा चटणीच्या दोनच बरण्या बाहेर दिल्या होत्या. एक तिच्या भावाला, दत्ताला. दुसरी माझ्या बहिणीला, शोभाला, जी मागच्याच बोळात राहते. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकाच वेळी बोललो.

"तुझा भाऊ!"

"तुमची बहीण!"

"शोभा असलं करायची न्हाय!"

"आणि दत्ता करंल व्हय? त्याच्या दुकानात बघा, खिळासुद्धा पुसून ठेवतोय!"

"तेच म्हणतोय मी! घरातली घाण अशी भाईर टाकणारीच मान्सं चकाचक असत्यात!"

त्या दिवशी मला दुपारी आमटीत मीठ नव्हतं आणि रात्री भाकरीबरोबर आमटीच नव्हती.

पुढच्या सोमवारी मी पाळत ठेवायचं ठरवलं. दुधाला गेलोच नाही. उजाडताच अक्कांच्या जास्वंदीमागं उकिडवा बसलो. अक्का बस्तीत गेल्या. माणसं आली, गेली. घंटागाडी गाणं वाजवत खुद्द गल्लीत आली, तेव्हा घरात पळत जाऊन आमची पिशवी आणली, तिच्यात टाकली आणि पुन्हा जास्वंदीमागं. मुंग्या चढल्या, पाय बधिर झाले. आणि त्या दिवशी दारात काहीही पडलं नाही. हाड नाही, करवंटी नाही, पिळलेल्या लिंबाची फोड नाही!

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. मी विचार केला. बरोब्बर आजच का नाही पडली? कारण मी पाळतीवर होतो. ते चोराला कसं कळलं? कुणीतरी सांगितलं. मी पाळतीवर आहे हे माहीत होतं फक्त सुमनला. आणि सुमन रोज संध्याकाळी फोन कुणाला करते? दत्ताला! झालं, आख्खं प्रकरण उलगडलं!

खात्री करायला पुढच्या सोमवारी मी पाळत ठेवली नाही, नेहमीसारखा दुधाला गेलो. आलो तर दारात पिशवी हजर! आता आणखी काय पाहिजे?

तसाच दत्ताच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं उभी होती. म्हटलं, बरंच आहे, साक्षीदार मिळाले.

"दत्ता, लाज कशी वाटंना तुला? म्हातारीच्या दारात हाडं टाकतोस व्हय?"

दत्ताच्या हातातला नळ हातातच राहिला. "दाजी, काय बोलताय? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

"चटणी तुझी! पाळत ठेवली त्या दिवशी गप्प बसलास! आणि मीटिंगीत टाळ्या सगळ्यात मोठ्या तुझ्याच!"

तो लालबुंद झाला. दोन गिऱ्हाइकं सामान न घेताच बाहेर सटकली. मग दत्ता अगदी हळू आवाजात म्हणाला, "दाजी, येत्या सोमवारी समद्यांच्या समोर निकाल लावू. पाळत मी ठेवतो. ताई असंल, शोभाक्का असंल, मास्तर असत्याल. तुमी फकस्त नेमीसारखं वागायचं. दुधाला जावा. न्हायतर चोर सावध हुतोय."

"आणि तू सापडलास तर?"

"मी झाडतो की गल्ली! पर दुसरा कोण सापडला, तर त्यानं झाडायची. हलगीवाला मी आनतो."

सुमन आठवडाभर बोलली नाही. एकदाच बोलली: "माझ्या भावाला चारचौघांत चोर म्हनलासा. सोमवार होऊ दे, मग बगते." आणि तिकडं अक्कांनी लेकीला फोन करून टेम्पोची चौकशी केली होती. मला रविवारचं मटणसुद्धा गोड लागलं नाही. (म्हणजे दोनदाच वाढून घेतलं.)

सोमवार उजाडला. अक्का त्या दिवशी बस्तीत जायच्या थांबल्या, आपल्या खिडकीत बसल्या. जास्वंदीमागं दत्ता आणि मास्तर. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला सुमन आणि शोभा, जन्मात पहिल्यांदा नणंद-भावजय एका बाजूला. कोपऱ्यावर हलगीवाला हलगी शेकत बसलेला. मी किटली अडकवली, पिशवी अडकवली आणि स्कूटर सुरू केली. जास्वंदीकडं न बघता, मुद्दाम शीळ घालत निघालो. चोराला वाटलं पाहिजे की मला काहीच माहीत नाही!

माझ्या स्पीडब्रेकरवरून नेहमीच्या ऐटीत गेलो. स्कूटर उडाली, किटली खणाणली, मी सावरलो. थोडा पुढं गेलो न गेलो, तोच मागं एकच गलका उठला!

"सापडलाऽऽ! सापडला!"

माझं काळीज आनंदानं उड्या मारायला लागलं. इतक्या लवकर! मी जागच्या जागी स्कूटर वळवली आणि ओरडतच सुटलो, "धराऽऽ! धरा त्येला! सोडू नगासा! मी आलो!"

परत येऊन बघतो तर कुणी कुणाला धरलेलं नाही. सगळे गोल करून उभे आहेत आणि माझ्याकडं बघतायत. मधे, स्पीडब्रेकरच्या उताराला, अक्कांच्या दारात, काळी पिशवी.

"कुटं गेला?" मी धापा टाकत विचारलं. "पळाला? कुठल्या बाजूला पळाला?"

शोभानं तोंडाला पदर लावला. मास्तरांची (दुरुस्त झालेली) कवळी लकाकत होती.

"दाजी," दत्ता म्हणाला, "तुमची पिशवी कुटं हाय?"

"माझी? टाकली की घंटागाडीत."

"चौकात गेलासा व्हय तुमी आज?"

मी खाली हुकाकडं बघितलं. किटली होती. मग रस्त्यावरच्या पिशवीकडं बघितलं. मग त्या डोंगराएवढ्या स्पीडब्रेकरकडं, माझ्या घराण्याच्या एकमेव बांधकामाकडं बघितलं. हळूहळू सगळे सोमवार माझ्या डोळ्यांपुढनं गेले. प्रत्येक सोमवारी तो दणका, ती खणाणणारी किटली, आणि चौकात जाऊन रिकाम्या हुकाकडं समाधानानं बघणारा मी. मला वाटलं रस्ता दुभंगावा आणि मला पोटात घ्यावं. पण तो कंत्राटदारानं फार घट्ट केला होता.

"अक्का," मी खिडकीकडं बघून हात जोडले, "तुमच्या दारात इतके दिवस मीच..."

अक्का खिडकीतनं उठून दारात आल्या. आणि ती सत्तरीची बाई भिंतीला धरून हसायला लागली, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसली. "आप्पासाब," ती म्हणाली, "कुणी मुद्दाम टाकली असती तर मी गेले असते की. ही तर तुमच्याकडनं सांडली. आता कशाला जाऊ कागलला? झाडू देते, थांबा."

दत्तानं बोर्ड आणला. माझ्याच हातानं पेंटरकडनं करून घेतलेला, माझ्याच गळ्यात. हलगी कडाडली आणि मी गल्ली झाडली, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. सुमन दारात उभी राहून, "त्यो कोपरा ऱ्हायला बगा," असं सांगत होती. उपवास असूनसुद्धा तिचा चेहरा जेवल्यासारखा दिसत होता.

आता अक्का रोज निवांत बस्तीत जातात. दत्ताही पुन्हा जेवायला येतो, आणि आला की आधी माझ्या स्कूटरपाशी जाऊन तो बोर्ड नीट आहे का बघतो. होय, बोर्ड आता तिथंच असतो, माझ्या हँडलच्या पुढं. त्या स्पीडब्रेकरवरून माझ्या पिशव्या पडल्या, किटली सांडली, इज्जत तर पार घरंगळत गेली. तेवढा बोर्ड काही अजून पडत नाही. दत्तानं तो दुकानातल्या सगळ्यात जाड तारेनं आवळलाय!