पीटीच्या माफीची चिठ्ठी

२ जून २०१४. एकशे पन्नास रुपये, डॉक्टरांच्या चिठ्ठीचे. चंदनाला दमा आहे, पीटीच्या तासाला तिला पळवू नये. पहिलीपासून दर जूनला शाळा उघडली की त्याच दिवशी तिचे वडील विश्वासराव अशी चिठ्ठी नेऊन देत. सहकारी बँकेतला माणूस, तारीख कधी चुकली नाही.

चंदना तेव्हा सातवीत. बंगळूरच्या बनशंकरीतल्या शाळेच्या मैदानाकडेला पायऱ्या होत्या. तिथे बसून ती इतर मुलींच्या थ्रोबॉलचे गुण मांडायची. पुढे पुढे घरीही गप्पच बसू लागली. कुणाच्या वाढदिवसाला जाईना, आईशी धड बोलेना. खोकला नाही ना, मग झालं, असं विश्वासराव मनाशी म्हणत.

त्या वर्षी पीटीला धनलक्ष्मी मिस नव्या आल्या होत्या. गळ्यात शिट्टी, साडीखाली बूट. चिठ्ठी वाचून त्यांनी कानडीत विचारलं, "राव सार, पोरगी आजारी आहे की शिक्षेला बसवलीय?"

"दमा आहे, मिस."

"माझ्या भावालाही आहे. कबड्डी खेळतो तो. डॉक्टरांना एवढंच विचारा, आधी दम्याचा पंप ओढून मग पळाली तर चालेल का?"

विश्वासरावांना राग आला, पण त्यांनी विचारलं. डॉक्टर जरा ओशाळले. "चालेल की. खरं तर पळायलाच हवं. तुम्ही दरवर्षी चिठ्ठी मागत होता, मी देत होतो."

मग शाळा सुटल्यावर रोजचा क्रम ठरला. आधी पंप, मग पंधरा मिनिटं सावकाश चालणं, मग पळणं. दसऱ्याच्या सुटीआधी सलग पाच फेऱ्या मारायच्या, असं मिसनी तिच्याकडून कबूल करून घेतलं. एक फेरी वाढली की त्याच चिठ्ठीच्या पाठीवर एक रेघ. विश्वासराव बँकेतून थेट कुंपणाशी येऊन उभे राहत, खिशातल्या जादा पंपावर हात ठेवून. घरी मात्र चंदनाची बडबड इतकी वाढली, की आई म्हणाली, "आता हिला गप्प कोण करणार?"

सुटीआधीचा शेवटचा दिवस. चौथी फेरी संपली आणि चंदना गुडघ्यांवर हात टेकून वाकली. विश्वासराव धावले.

"अप्पा, स्वल्प थांबा! माझा पंप आहे माझ्याकडे."

पंप घेऊन ती त्याच पायऱ्यांवर बसली. श्वास सावरल्यावर हसत म्हणाली, "मिस, पाचवी उद्या."

"उद्या सुटी गं. उधार राहिली, बघ."

सुटीनंतर चंदना थेट थ्रोबॉललाच उतरली, पाचवी फेरी राहूनच गेली. पुढच्या वर्षी मिस हेब्बाळकडच्या शाळेत गेल्या. जाताना चिठ्ठी चंदनाच्या हातात देऊन गेल्या.

चंदना आता बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. थंडीत अजून त्रास होतो, पंप पिशवीत असतोच. पण रविवारचा थ्रोबॉल सुटत नाही. परवा निवृत्तीचे कागद लावताना विश्वासरावांना ती चिठ्ठी सापडली. बाकी सगळे कागद लागले, पण पायऱ्यांवर बसून गेलेली तिची ती सहा वर्षं त्यांना कुठे लावता येईनात.

"अप्पा, ही फेकू नका हं," चंदना म्हणाली.

"सरी, ठेवतो," म्हणून त्यांनी ती फाइलीत ठेवली.

मागे रेघा चार आहेत. धनलक्ष्मी मिसना एक फेरी देणे आहे.