चौदा हजारांपर्यंत ऐकणारा माणूस

सकाळी नऊला दुकानाचं शटर वर गेलं, की बिरदेवआप्पा गडदे आधी अगरबत्ती लावत नसत. आधी ते सिग्नल जनरेटर चालू करत आणि पंधरा मिनिटं काहीही न करता त्याच्यासमोर बसून राहत. मशीन तापल्याशिवाय आकडा जागेवर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. मग समोरच्या फळीवरच्या ट्वीटरकडे, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरकडे, तोंड करून ते डायल एका बोटानं सरकवू लागत. शिट्टी बारीक होत जाई, सुईसारखी होई आणि एका जागी बुडे. जिथे बुडाली तो आकडा ते वहीत तारखेपुढे लिहीत. १९९४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो होता चौदा हजार. सेकंदाला चौदा हजार कंपनं. मग अगरबत्ती.

शिरूरच्या बाजारपेठेत असल्या गोष्टीचं कौतुक करणारं कुणी नव्हतं. तरी आप्पा ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, आणि सांगताना समोरच्याच्या कानांकडे असं बघत, जसा पैलवान एखाद्या कारकुनाच्या दंडाकडे बघतो.

"आज किती?" शेजारचे चहावाले आण्णा विचारत.

"चौदा."

"आन् माझं किती भरंल रं?"

"तुझं काय मोजायचं? गिऱ्हाईक बिनसाखरेचा म्हणतं आन् तू दोन चमचे टाकतो. भुसा भरलाय तुझ्या कानात."

आप्पा मूळचे दौंड तालुक्यातल्या राहूचे. वडलांची मेंढरं होती. दीडशे कोकरांच्या कालव्यात नेमकं कुठलं ओरडतंय, हे पोरवयात डोळे मिटून सांगायचो, असं ते म्हणत. खरं असेलही. कळप मोडल्यावर ते घोडनदीला, म्हणजे शिरूरला, आले; आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, शेवटी भोंगे. दुकानावर पाटी होती, 'गडदे साऊंड रिपेअरिंग', आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत, 'घाई असणाऱ्यांनी दुसरीकडे जावे'.

आमच्या भागात आवाजाला मान आहे. बारसं असो, सप्ताह असो, जीपवरचा उमेदवार असो. तिथे काय बोललं गेलं हे कुणाला सांगता येत नाही, पण किती गावांपर्यंत ऐकू गेलं ते सगळे सांगतात. असल्या माणसांचे फाटलेले भोंगे नीट करण्यात आप्पांचं आयुष्य गेलं आणि त्या माणसांविषयी त्यांना फक्त तुच्छता होती. त्यांच्याच जिवावर आपली चूल पेटते, हे त्यांना बहुधा आठवत नसे.

मशीन त्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेतून जुनं आणलं होतं. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा. डावीकडे पुरीएवढी डायल, तिच्यावर दोनच्या आतले आकडे. त्यांना शंभरानं गुणायचं, हजारानं की दहा हजारानं, ते खालच्या बटणांच्या रांगेतून ठरे. मधे लाटांची तीन बटणं, प्रत्येकावर त्या लाटेचं चित्र. आप्पांनी त्यांना नावं दिली होती: नागीण, पायरी आणि डोंगर. नागीण कान आणि भोंगे तपासायला. पायरी अँप्लिफायर तपासायला. डोंगर कशालाच नाही, तो कंपनीनं हौस म्हणून दिलाय, असं ते सांगत. उजवीकडे आवाज कमीजास्त करायचा नॉब. त्याच्याशेजारी त्यांनी मुलीच्या नखपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. नॉब त्या ठिपक्याच्या पुढे न्यायचा नाही आणि मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे दुकानाचे दोन कायदे.

भोंग्याच्या पाठीमागे जे युनिट बसवलेलं असतं, तेच खरं बोलतं; पुढचा पत्रा नुसता तोंड पसरून उभा असतो. युनिट नीट झालं की आप्पा त्याला नागीण लावत आणि डायल तीनशेपासून सहा हजारांपर्यंत सावकाश नेत. आत तारेचं वेटोळं कुठे घासत असेल, तर एका ठरावीक आकड्याला ते झर्र करतं. ती झर्र पकडणं हाच सगळा धंदा. तो हातात नव्हता, कानात होता.

"आप्पा, आवाज जरा वाढवून द्या," राहूचे मंडपवाले हौसराव दर वर्षी जत्रेच्या आधी म्हणत.

"किती वाढवू?"

"पार नदीपल्याड गेला पाह्यजे."

"नदीपल्याड कोण हाय तुमचं? ज्याला ऐकायचंय तो मांडवात बसलेला असतो, हौसराव. जो पल्याड गेलाय, तो तुमच्याच आवाजानं गेलाय."

हौसराव हसून सोडून देत. तालुक्यात दुसरा असा कान नव्हता.

वहीतला आकडा दर वर्षी थोडा खाली येत होता. पुढे तो एकाएकी थांबला. सत्त्याण्णव साली अकरा हजार. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, दोन हजार, तेच अकरा हजार. आप्पा वही उघडून लोकांना दाखवत. "वय झालं की कान जातात म्हणतात. कुणाचे जातात? जे वापरत न्हाईत त्यांचे."

यातली मेख प्रतिभाला माहीत होती. ही त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीनंतर दुकानातच बसे आणि केसाएवढ्या तारेची वेटोळी गुंडाळत असे. वहीत रकाना एकच होता, कंपनांचा. नॉब कुठे आहे, याचा रकाना आप्पांनी आखलाच नव्हता. तो नॉब लाल ठिपका ओलांडून गेला होता. दर काही महिन्यांनी आणखी थोडा उजवीकडे जाई आणि अकरा हजार कायम राही. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला न फसवलेला माणूस रोज सकाळी पंधरा मिनिटं मशीन तापवून स्वतःला फसवत होता, आणि तेही किती काटेकोरपणे. प्रतिभा त्या वेळी दुकानाबाहेर जाऊन उभी राही, कारण ती शिट्टी तिच्या दाढेत शिरे.

"आबा, हे युनिट झर्र करतंय," ती एकदा वडलांना म्हणाली.

"कुठं?"

"साडेतीन हजाराला."

"तुझ्या डोक्यात करतंय. तार गुंडाळ."

तिनं तार गुंडाळली. आप्पा दुपारी जेवायला घरी गेले, की पास झालेली युनिटं ती पुन्हा मशीनला लावी. दुकानाचा दुसरा कायदा ती रोज अर्धा तास मोडत होती. घासणारी युनिटं उघडून नीट करी, पुन्हा बंद करी आणि जिथल्या तिथे ठेवी. अशी तीन वर्षं गेली. तालुका म्हणत राहिला, आप्पांचा कान म्हणजे कान. घरात कुशाबाई, आप्पांची बायको, टीव्हीपासून लांब ओट्यावर जाऊन बसे. "अवं, बारीक करा की जरा," असं ती म्हणे, आणि ते आपल्याला म्हटलंय हे त्यांना कळत नसे.

२००३ च्या फेब्रुवारीत प्रतिभा मावशीच्या मुलीच्या लग्नाला दोन दिवस दौंडला गेली. त्याच दिवशी हौसराव सहा युनिटं घेऊन आले. जत्रा दुसऱ्या दिवशी होती.

"भोंगा लावूनच दाखवा, आप्पा. मागल्या साली एक फाटकं निघालं म्हणून गावात लई बोलले मला."

"तुमच्या पोरांनी माईक तोंडात धरला आसंल," आप्पा म्हणाले. पण त्यांनी दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून भोंगा ठेवला, मागे युनिट बसवलं आणि आत मशीनशी बसले. पाच युनिटं झाली. पाचही पास. सहावं बाकीच्यांपेक्षा थोडं नरम बोलणारं होतं; ते लावलं, डायल चढवत पाच हजारांपर्यंत नेली आणि त्यांना काहीच ऐकू येईना.

"मेलंय हे," ते म्हणाले.

मेलेलं नव्हतं. पाच हजारांची शिट्टी सरळ समोरच्या कापडाच्या दुकानात जात होती. आप्पांनी नॉब फिरवला. मग आणखी फिरवला. मग अँप्लिफायरचाही आवाज वाढवला आणि मान तिरकी करून, ज्या तोऱ्यात ते वीस वर्षं ऐकत आले होते त्याच तोऱ्यात, ऐकत राहिले. रस्त्यावर बायांनी पिशव्या टाकून कान धरले. कापडवाला गादीवरून उठून बाहेर आला. एक म्हातारा सायकलवरून उतरून नुसताच उभा राहिला. हौसराव दोन्ही हातांनी कान झाकून आप्पांच्या पाठीशी ओरडत होते. दारात आण्णा हातवारे करत काहीतरी बोलत होते. आप्पांनी त्यांच्याकडे पाहून दोन बोटं दाखवली.

"दोन पाठव. माझ्यात साखर कमी."

आणि नॉब शेवटपर्यंत फिरवला.

आधी वास आला. मग युनिटमधून बारीक निळसर धूर. तोपर्यंत आण्णा आत शिरले होते. त्यांनी आप्पांच्या हातावरून हात घालून मशीनचं बटण बंद केलं. त्या मशीनला दुसऱ्या माणसाचा हात लागलेला आप्पांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि मग रस्त्याकडे पाहिलं. सगळे अजून कानांवर हात ठेवून उभे होते.

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. ज्यांच्या लग्नांनी, सप्ताहांनी, निवडणुकांनी त्या कानांचं मातेरं केलं होतं, तीच ही माणसं. हसताना त्यांच्या मनात तसलं काही आलं असेल, असं मला वाटत नाही.

"लाईट जास्त आली," आप्पा म्हणाले. "होल्टेज."

"व्हय, व्हय," हौसराव म्हणाले, आणि उरलेली पाच युनिटं उचलून गाडीत ठेवू लागले.

"अवं, ती झालीत!"

"असू द्या, आप्पा. पुण्याला दाखवतो."

पुढच्या आठवड्यात कुशाबाईनं त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांच्या मदतनीस मुलीनं कानांवर डबे चढवले आणि एकेक शिट्टी ऐकवली. बाहेर आल्यावर कुशाबाईनं विचारलं, काय म्हणाले.

"काय म्हणतोय! ती पोरगी मशीन चालू करती आन् लगीच शिट्टी वाजवती. तापू तरी द्यावं का न्हाई? असल्या आकड्याला काय अर्थ हाय?"

डॉक्टरनं दिलेल्या कागदावर एक रेघ होती. तीन हजारांपर्यंत ती उतारावरून चालल्यासारखी खाली येत होती आणि तिथून विहिरीत पडल्यासारखी सरळ. आप्पांनी तो कागद एकदाच पाहिला. रेघ वाचायला त्यांना डॉक्टरची गरज नव्हती. एखाद्या यंत्राच्या मापांचा असा कागद समोर आला असता तर ते म्हणाले असते, भंगारात घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले आणि आपलं स्टूल उचलून दाराशी नेलं. प्रतिभा आली तेव्हा मशीनपुढची जागा रिकामी होती.

"बघत काय उभी राहिलीस? चालू कर. आन् पंधरा मिनिटं हात लावू नको."

तिनं पंधरा मिनिटं हात लावला नाही. मग एक युनिट जोडलं आणि डायल धरली.

"अशी धरतात? ताक घुसळतीस का? एक बोट. एकच बोट!"

ती एका बोटानं डायल नेऊ लागली. चार हजारांशी थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"काय झालं?"

"झर्र करतंय," ती मोठ्यानं म्हणाली.

"मग उघड की. सांगायला काय पंचांग पाह्यजे?" आप्पा म्हणाले. थोड्या वेळानं, रस्त्याकडे बघत, "मी जेवाय गेल्यावर उघडत व्हतीस, तशी."

त्यांना ते कधीपासून माहीत होतं, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर एक टोमणा मिळाला असता, उत्तर नाही.

वही त्यांनी त्यानंतर उघडली नाही. चार वर्षं ते दाराशी बसून स्क्रू काढून देत, तारांना डाख द्यायची सोल्डरिंगची इस्त्री पुसून ठेवत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची लायकी काढत. दोन वर्षांनी हौसराव परत आले. पुण्याच्या दुकानानं युनिटांना नुसता रंग लावून दिला होता. ते पायरीवर उभे राहून आप्पांशी हवापाण्याचं बोलत राहिले, आणि आप्पांनी, सगळं कळूनही, त्यांना दोन चहा होईपर्यंत तसंच ताटकळत ठेवलं. तेवढी क्रूर हौस त्यांना शेवटपर्यंत होती. मुलीचं कौतुक त्यांनी कुणापाशीही केलं नाही. लोक मात्र युनिट आप्पांच्याच हातात देत. दुकान गडद्यांचं, म्हणजे कान आप्पांचा, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. आप्पाही ते हातात घेत, उलटसुलट करत आणि मागे प्रतिभाकडे सरकवत.

२००७ च्या ऑगस्टमधे, बाजाराच्या दिवशी, झोपेतच ते गेले. आदल्या दिवशी दुपारी वढू बुद्रुकचा ज्ञानेश नावाचा एक तरुण मंडपवाला युनिट घेऊन आला होता. प्रतिभा आत खिडकीशी, मान खाली घालून वेटोळं गुंडाळत होती. ज्ञानेश तिच्या आणि खिडकीच्या मधे उभा राहिला आणि युनिट आप्पांपुढे धरून जोरात म्हणाला, "आप्पा, ऐकून सांगा की, याच्यात काय जीव उरलाय का?"

आप्पांनी युनिटाकडे पाहिलंही नाही.

"मला काय विचारतोस? ती बसलीय तिथं, तिला विचार. आन् जरा बाजूला सर, उजेड आडवलायस तिचा."