टेबलावर शिंकायचं नाही

आमच्या गाळ्यातले किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. आंघोळ केली तरी मिरचीची पूड नखात उरतेच, तसे ते उरलेत. घरी सांगायला लागले की मुलगा म्हणतो, "आई, जेवताना नको." म्हणून इथे सांगते. यातले बरेचसे मंदाचे आहेत. मंदाला बीपी होतं, आणि टेबलावरची जागा तिला सोडायची नव्हती. एवढं लक्षात ठेवा.

आमचा मसाल्याचा गाळा साकीनाक्याच्या मागे, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. होळीच्या आधीपासून पाऊस लागेपर्यंत मिरचीचा सीझन. दहा बायका टेबलाशी बसून पाकिटं भरतात, सील करतात. नियम एकच: टेबलावर शिंकायचं नाही. माल लोकांच्या पोटात जाणार, त्यामुळे नियम बरोबरच आहे. पण जी शिंकली ती घरी. चाळणीच्या खोलीत शिंकलेलं कोणी बघत नाही, पण तिथे दोघींचंच काम, उभ्यानं, धुरळ्यात. त्यातली एक मी.

म्हणून रोज सकाळच्या चहाबरोबर सर्दीची गोळी. सुपरवायझर नलिनीबाई कात्रीनं पट्टी कापायच्या आणि एकेकीच्या बशीत एकेक गोळी ठेवत जायच्या. मला ती पचायची नाही, दिवसभर छाती धडधडायची. मी नको म्हटलं, तशी चाळणीत गेले.

एक नवीन आलेली म्हणाली, "बाई, मला सर्दी नाहीये."

"होईल," बाई म्हणाल्या. "घे."

*

सीलिंग मशीनवर आशा. गोळीनं शिंक थांबते, पण डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं. एका दुपारी ती डोळे उघडे ठेवून झोपली. हात आपला चालूच. मशीनची गरम पट्टी तिच्या दोन बोटांवर बसली.

वास आम्हाला चाळणीत आला. आशा सगळ्यांत शेवटी वळली आणि म्हणाली, "कोणाचा डबा करपतोय गं?"

बोटं राहिली. नखं गेली.

*

मग बाईंनी गोळी बदलली. पिवळी बंद, गुलाबी चालू. ही म्हणे झोप आणत नाही. पण शिंक नसेल त्या दिवशीच्या पिवळ्या बायकांनी पदराला बांधून ठेवल्या होत्या, त्या टाकणार कोण? त्यांनी आपसात ठरवलं: नाक गळलं तर पिवळी, डोळे चुरचुरले तर गुलाबी, आणि दोन्ही झालं तर दोन्ही.

मी दोन्ही पट्ट्या घेऊन मेडिकलवाल्याकडे गेले. त्यानं चष्मा लावून वाचलं. "मावशी, दोन्हीत तेच आहे. एक औषध शिंक थांबवायचं, एक नाक सुकवायचं. रंग तेवढा वेगळा."

मी येऊन सगळ्यांना सांगितलं. आशा म्हणाली, "तरीच. दोन्ही घेतल्या की उभी असले तरी आडवी असल्यासारखं वाटतं."

*

मंदा पालिकेच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी बीपी मोजलं, परत मोजलं, मग गोळ्यांची पट्टी वाचली. "नाक सुकवायचं औषध शिरा आवळतं. फक्त नाकातल्या नाही, सगळ्या. तुम्हाला ही गोळी चालणार नाही."

"मग शिंका आल्या तर?"

"मास्क लावा. जमलं तर काम बदला."

मंदानं डबा खाताना हे सगळं नक्कल करून सांगितलं. "काम बदला म्हणे. जसा काही ब्लाऊज आहे."

सगळ्या हसल्या. मी पण हसले.

*

नलिनीबाईंचं डोकं वेगळंच. "सर्दीची गोळी बीपी चढवते ना? मग बीपीची एक जास्त घे. फिट्टंफाट."

मंदानं आठवडाभर तसंच केलं. एक दिवस वजनकाट्यापुढे बसून म्हणाली, "आकडा हलतोय गं, काटा बिघडलाय."

काटा ठीक होता. मंदा हलत होती.

*

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी बाईंना सगळ्यांसमोर म्हटलं, "उद्यापासून मंदाच्या बशीत गोळी दिसली तर ती बशी तुमच्या डोक्यात घालीन."

गोळी बंद झाली. मी मंदाच्या नाकावर डबल फडकं बांधलं. रोज चहाला तिला तोंड उघडायला लावून बघायची, पोलिसासारखी. महिनाभर मंदा एकदाही शिंकली नाही. मी गाळाभर सांगत फिरले, "बघा, गोळी सोडली की शिंक पण सुटते."

"तुझ्यामुळे गं शोभा," मंदा म्हणायची, आणि मान खाली घालून पाकिटं भरायची.

*

एका गुरुवारी तिनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "माझा हात कोणी धरलाय?"

कोणीच धरला नव्हता.

हॉस्पिटलात डॉक्टरनं विचारलं, औषधं कुठली घेतात? मी पुढे झाले. "फक्त बीपीची. सर्दीची गोळी मी स्वतः बंद केलीय, महिना झाला." त्यानं लिहून घेतलं.

मंदाची पल्लवी नववीत आहे. तिनं मला बाहेर ओढलं. "मावशी, आई मेडिकलमधून आणायची आणि घरातून निघतानाच घ्यायची. दोन-दोन. म्हणायची, शोभाला सांगू नकोस, ती भांडेल आणि माझी जागा जाईल."

मी तशीच आत गेले. "डॉक्टर, ते खोडा. ती घेत होती."

"नाव काय गोळीचं?"

महिनाभर त्या गोळीशी भांडले मी. नाव मला येत नव्हतं.

"गुलाबी," मी म्हटलं.

*

मंदा वाचली. उजवा हात नाही, उजवा पाय नाही, जीभ जड.

तिच्या जागेवर बाईंनी दुसऱ्याच दिवशी मला चाळणीतून उचलून बसवलं. खुर्ची आहे, वर पंखा आहे, सकाळी बशीत गोळी आहे. मी नाही म्हटलं नाही.

आठ-दहा दिवसांनी कामावरून परस्पर तिला बघायला गेले. पल्लवी पाणी आणायला गेली होती. मंदा एकेक शब्द शोधून म्हणाली, "माझ्या... जागेवर... कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "रिकामी आहे."

तिची चादर नीट करायला मी वाकले. माझा पदर तिच्या तोंडावरून गेला, दिवसभराच्या मिरचीचा. मंदा शिंकली. एकदा, दोनदा, तीनदा, अर्ध्या तोंडानं. डोळ्यांतून पाणी आलं, ते मी पुसलं.

मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुला..." ती म्हणाली, "तुला नाही... येत?"