टिकमामांची लाल रेघ

टिकमामांच्या खिशात कायम नेलपॉलिशची बाटली असायची. लालभडक. हातांच्या रेषांत ग्रीस मुरलेला साठीतला हा माणूस भद्रकालीतल्या बांगड्यांच्या दुकानात "यापेक्षा भडक दाखवा की" म्हणायचा, तेव्हा गिऱ्हाईक बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. एकीने विचारलंच, "मामीला शोभेल का हा रंग?" मामा म्हणाले, "मामीला नाय ओ. चाकाला शोभला पायजे."

मामा मूळचे सायखेड्याचे. आयुष्यभर द्राक्षबागांमधले फवारणीचे ब्लोअर दुरुस्त केलेले. म्हसरूळच्या पलीकडे माळावर मुलांच्या डर्ट बाइकसाठी ट्रॅक झाला आणि ते तिथल्या शेडमध्ये मिस्त्री म्हणून आले. माझी लेक सई तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची छोटी गाडी मामाच बघायचे.

त्यांच्याकडे एक लांब दांड्याचा टॉर्क पाना होता. नट किती घट्ट करायचा ते त्यावर ठरवायचं. तेवढा ताण आला की पाना 'टिक्' वाजतो. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव टिकमामा पाडलं. पण मामा पाना लगेच उचलायचे नाहीत. आटे फडक्याने पुसायचे, मग नट बोटांनी फिरवायचा. "आटे वाकडे बसले तर पहिलं बोटाला कळतं. पान्याला काय, तो दाबतच जातो." टिक् वाजली की हात काढायचा. मी एकदा खात्रीसाठी आणखी जोर लावला तर माझ्या मनगटावर चापट बसली. "हावरटपणा नाय करायचा, साहेब. जास्त आवळला का बोल्ट आतून तुटायला लागतो, आन वरून दिसत नाय."

त्यानंतर रेघ. अर्धी नटावर, अर्धी बाजूच्या धातूवर, केसासारखी बारीक. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. "टिक् आधी, रेघ मागून," ते सईला बजावायचे. "रेघ म्हणजे सही, सईबाई."

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तपासणीच्या तक्त्यावर दिवसभराच्या खुणा एकदमच करून टाकायची सवय तिथे पुष्कळांना आहे. मलाही होती. मी हे हसत हसत मामांना सांगितलं होतं. ते हसले नाहीत. "कागद धावत नाय, साहेब. ही धावती, आन वर लेकरू बसलेलं असतं."

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मामांना गावाकडे जावं लागलं. पुढच्या चाकाची ट्यूब तेवढी बदलायची राहिली होती. ते काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी ट्यूब बदलली, चाक बसवलं, एक्सलचा नट आणि एक्सल आवळून धरणारे खालचे बोल्ट बोटांनी फिरवले. मामांनी सईला दिलेली नेलपॉलिशची बाटली उघडीच होती, ब्रश वाळत होता. म्हणून सगळ्या रेघा आधी ओढून घेतल्या. पाना हातात घेणार तोच कारखान्यातून फोन आला. वीस मिनिटं बोलत होतो. परत आलो तर सगळीकडे लाल रेघा. मी गाडी टेम्पोत चढवली.

सकाळी मामा आले, चाकाजवळ वाकले, जरा थांबले.

"झालंय ना, साहेब?"

"झालंय."

हे म्हणताना मनात काहीतरी टोचलं होतं. टोचलं नव्हतं असं मी कित्येक महिने स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे.

तिसऱ्या फेरीत सई उडीवरून खाली आली आणि पुढचं चाक गाडीपासून सुटून एकटंच पुढे धावत गेलं. ते चाक मला अजून दिसतं. सई हँडलवरून फेकली गेली. तिचा डावा हात कोपराच्या वर भलतीकडेच वळला होता. मी पोचलो, तिचं हेल्मेट काढलं आणि तसाच बसून राहिलो. मागून कोणीतरी ओरडलं, "गाडी कोणी बांधली? मिस्त्री कोण आहे?"

"मी," मामा म्हणाले. "मीच बांधली."

सईने ते ऐकलं. मीही ऐकलं. मी काहीच बोललो नाही.

ऑपरेशन करून तिच्या हातात धातूची पट्टी बसवली. बाकीच्या मुलांच्या आईबापांनी आपापल्या गाड्या मामांकडून काढून घेतल्या, आणि मामा सायखेड्याला परत गेले. त्यांनी दिलेली नेलपॉलिशची बाटली सईने कचऱ्यात टाकली. त्यांचं नाव घरात निघेनासं झालं.

आठ महिन्यांनी मी सायखेड्याला गेलो. मामा एका ब्लोअरखाली आडवे होते. मी उभ्यानेच बोलायला सुरुवात केली, "मामा, त्या दिवशी मी पाना..."

"ठाऊक हाय," खालून आवाज आला. "त्या दिवशीची रेघ जाड होती, घाईची."

मी तिथल्याच एका टायरवर बसलो. "मग तुम्ही सगळ्यांसमोर..."

मामा बाहेर आले, हात पुसत राहिले. "सकाळी रेघ पाहिली तवाच म्हटलं, ही घाईत ओढलेली. पाना लावून बघावा. पण साहेबानं केलेलं परत तपासायचं म्हणजे... लाज वाटली मला. तुम्हाला राग आला असता. ती चूक माझीच झाली ना? आन पोरगी पडल्या पडल्या तुमच्याकडंच बघत होती. तिला तवा बाप पायजे होता." मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "सईबाईला सांगितलं का?"

"नाही."

"मग इथं काय करताय?"

त्या संध्याकाळी मी सईला सांगितलं. ती रडली नाही. हातावरच्या व्रणावर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "मी त्यांची बाटली टाकून दिली, बाबा." दुसऱ्या दिवशी तिने मला भद्रकालीत नेलं, सगळ्यात भडक लाल बाटली घेतली आणि आम्ही सायखेड्याला गेलो. मामांनी बाटली घेतली नाही. आतून पाना आणून तिच्या हातात दिला. "हा बी घेऊन जा."

मामा परत ट्रॅकवर आले नाहीत. सई आता पुन्हा गाडी चालवते. चाक कधी कधी मी बसवतो. आटे पुसतो, टिक् ऐकतो, हात काढतो. रेघ मात्र मी ओढत नाही. सई येते, माझ्यादेखत प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावते, कान देऊन ऐकते, आणि मगच बाटली उघडते. तिची रेघ केसासारखी बारीक असते.

माझं काम परत तपासायची तिला लाज वाटत नाही. मी बाजूला उभा राहतो.