डॅक घेता घेता

दर रविवारी दुपारी आम्ही तिघं भोकरदनला मिलिंद सरांकडे गाणी ऐकायला जमतो. गाणी होतात थोडी, फजिती जास्त! त्यात डॅक घ्यायचं ठरलं आणि किश्शांचा असा ढीग लागला, की एक आठवला की चार आठवतात आणि मान आपोआप खाली जाते.

डॅक म्हणजे मोबाईलमधलं डिजिटल गाणं स्पीकरसाठी नीट आवाजात बदलून देणारी डबी. सर हायस्कूलला गणित शिकवतात, सुभाषचं बी-बियाण्यांचं दुकान, मी कारकून. तिघांचं ज्ञान यूट्यूबचं!

* * *

पहिली फेरी संभाजीनगरला. "कितने बिट का है?" सुभाषनं विचारलं. प्रश्न सकाळीच पाठ केल्ता. दुकानदार खूश! सोफ्यावर बसवलं, कॉफी सांगितली. मग सहज म्हणाला, "घरी स्पीकर कोणते, सर?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सरच बोलले, "टीव्हीचेच."

त्यानं डॅक गुपचूप खोक्यात घातला. कॉफी मात्र आली. ती तिघांनी दोन घोटांत संपवली!

* * *

मंग आधी स्पीकर घेतले. डॅकची चौकशी सुभाष दुकानातूनच फोनवर करायचा आणि कळलेलं लगेच सरांना फोनवर सांगायचा. "बिलकुल साफ रिझल्ट हे! एकदा वापरला का दुसरं काही नको!"

समोर एक शेतकरी कधीचा ताटकळला होता. फोन संपल्यावर म्हणाला, "मंग मलेबी तेच द्या. कपाशीला चालंल न्हवं?"

* * *

सुभाषच्या मेहुण्याकडे घनसावंगीला एक डॅक होता. ट्रायलला तो आणायचं ठरलं. जालन्यातून बस खचाखच. डबी शर्टाच्या खिशात, लाइट लुकलुकतोय, वायर कानात, गडी उभ्यानं गाणी ऐकतोय. एका म्हाताऱ्यानं खिशाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. ऐकू न येताच सुभाषनं मान हलवली.

म्हाताऱ्यानं उठून त्याला आपल्या जागेवर बसवलं. वायर काढल्यावर शेजारच्यानं सांगितलं, प्रश्न होता, "हार्टचं मशीन हे का?"

आता खरं सांगायचं कसं? भोकरदनपर्यंत म्हातारा उभा, हा बसून! उतरताना म्हातारा म्हणाला, "सांभाळून, भाऊ. जल्दी करू नका."

* * *

तो डॅक सरांच्या स्पीकरला जोडला. रविवारी मी डोळे मिटून ऐकत होतो. "बघा, बोट तबल्यावर घासलेलं ऐकू येतंय! डॅकशिवाय हे शक्यच नाही!"

सरांच्या मिसेस चहा घेऊन आल्या. "भाऊ, ती डबी मी सकाळी पुसायला काढल्ती. जोडायची राह्यली."

चहा मी खाली बघूनच प्यायलो.

* * *

शेवटच्या किश्शाला मात्र आमच्यापैकी कुणी हसत नाही.

सरांनी ऑनलाइन डॅक मागवला होता. पसंत नाही पडला तर परत. त्यांची माय हसनाबादहून आल्ती. पूर्वी ती जयंतीला स्वतः रचलेली भीमगीतं गायची. त्यातलं एक सरांच्या मामांनी कॅसेटवर घेतलेलं. सरांनी ते मोबाईलमध्ये उतरवलं, पण तिथं नुसती खरखर व्हायची.

"माय, इथं बस. तुझंच गाणं लावतो," सर म्हणाले.

माय पदर सावरून स्पीकरसमोर बसली. गाणं सुरू झालं आणि आम्ही गारच! ढोलकी वेगळी, टाळ्या वेगळ्या, मायचा भरदार आवाज खोलीभर.

एक कडवं संपलं. टाळ्या थांबल्या. आणि माइकच्या अगदी जवळून कुणीतरी दबक्या आवाजात, चिडून बोललं, "माय, बस कर ना आता! माझे कॉलेजचे दोस्त हसून राह्यले. उतर खाली!"

आवाज कोवळा होता, पण सरांचाच.

सरांचा हात मोबाईलकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला. तिकडे मायनं पुढचं कडवं उचललं होतं. आम्ही दोघं सतरंजीकडे बघत बसलो. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

माय उठली. जाता जाता डॅककडे बोट दाखवून म्हणाली, "हेच ठिव, बाळा. याच्यात समदं साफ ऐकू येतं."